परवाना विभाग, खोली तेरा

मजकूर तीन शब्दांचा होता.
फलक दहा बाय सहाचा, निमाणीच्या बसथांब्यासमोर,
आठ दिवसांकरिता:
"मला खात्री नाही."

अर्जदार त्र्यंबक विष्णू गायधनी, नावातच दोन देव.
नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षं
नोटांवरचे आकडे तपासले.
"एकही चुकला नाही," म्हणाले,
आणि जिना चढून आल्यामुळे
बाटलीतलं पाणी दोन घोट प्यायले.

मी विचारलं, कशाची खात्री नाही?
"समोरचा फलक वाचा. त्याला हे उत्तर आहे."
समोरचा फलक म्हणजे चाळीस बाय वीस:
स्मरण करा, तरून जाल.
खाली महाराजांच्या पावलांजवळ अकरा कार्यकर्ते,
सगळे हात जोडून, सगळे गॉगल घालून.
त्याला परवानगी होती का?
ती फाईल माझ्याकडे आली नव्हती.
येत नसते.

या शहरात मी वाचत वाचत कामावर येते.
द्वारकेला सप्ताह, सारडा सर्कलला इज्तिमा,
शरणपूरच्या भिंतीवर: शांती हवी? आत या.
सिंहस्थ जवळ आला तसे आखाडे
खांबाखांबावर चढले.
सगळं छापतो शालिमारचा मुश्ताक,
एकाच मशीनवर, रात्री अडीचपर्यंत.
त्याच्या बोटांवरची शाई कुठल्या पंथाची
ते साबणालाही कळत नाही.

अर्ज मी वर पाठवला. साहेबांनी खाली पाठवला.
हिरव्या शाईत शेरा:
भावना दुखावण्याची शक्यता. तपासून सादर करावे.
भावना कुठे तपासतात?
पंचनाम्याला लांबी-रुंदी लागते.

त्याच आठवड्यात दुसरा अर्ज आला होता,
रंगीत, गुळगुळीत, शिफारसपत्रासह.
त्यातला मजकूर मी इथे लिहिणार नाही.
एवढंच सांगते, त्यात एका वस्तीचं नाव होतं
आणि शेवटी एक बाण होता,
लग्नाच्या पत्रिकेतल्या नकाशावर असतो तसा.
त्या वस्तीत रेहाना शिवणक्लास चालवते.
तिच्या दाराला आतून एकच कडी आहे.

तो मी नाकारला.
त्या रात्री चांगली झोपले.
कारणाच्या रकान्यात शिक्का होता:
भावना दुखावण्याची शक्यता.

सकाळी गायधनींची फाईल उघडली
आणि हातात तोच शिक्का.
कपाटात दुसरा शोधला.
ड्रॉवरमध्ये शोधला, सुकलेल्या पॅडखाली,
मागच्या सिंहस्थाच्या पासांखाली.
नव्हता.
बाण काय, पूर्णविराम काय,
रबर एकच.

वाटलं, हातानं लिहावं,
की त्या फलकानं कुणाचं तरी दार फुटलं असतं,
ह्यानं फार तर कुणाची झोप मोडेल,
आणि झोप मोडणं हा गुन्हा असेल
तर पहाटेचे सगळे भोंगे, सगळ्या घंटा
खोली तेरामध्ये जमा कराव्या लागतील.
पण रकाना दीड इंचाचा.
आणि मला अजून सहा वर्षं नोकरी.
शिक्का हलकाच टेकवला.
तरी उमटला.

गायधनी पोच घ्यायला आले. भांडले नाहीत.
"अनामत कधी मिळेल?"
"खात्री नाही," मी म्हणाले,
आणि ते हसले. मीही हसले,
जरा उशिरा.

परवा आमच्याच आवारात त्यांची स्कूटर उभी होती.
स्टेपनीच्या गोल कव्हरवर, पांढऱ्या ऑइलपेंटनं,
आकडे तपासणाऱ्याच्या नेटक्या अक्षरात
तेच तीन शब्द.
व्यास दीड फूटसुद्धा नाही.
नियमावलीत बसत नाही.

वॉचमन बेंडकुळे कधीचा तिच्यापुढे उभा,
हातात चहाचा ग्लास.
"मॅडम, कशाची?"

मी म्हणाले, अर्जात नमूद नाही.

तो पुन्हा बघत राहिला,
चहा निवला तरी.